आयरिश पारंपरिक संगीताचा अल्बम स्वतःच काढला: ध्वनिमुद्रण, हक्क, हिशेब

फिडलवाला

मागे एका गप्पांच्या धाग्यावर मी आयर्लंडमध्ये, क्लेअर परगण्यात राहतो आणि फिडल (म्हणजे व्हायोलिनच) वाजवतो असं लिहिलं होतं. तेव्हापासून दोघं-तिघं "अल्बमचं काय झालं?" म्हणून टोकत होते. निघाला एकदाचा. मागे लेबल नाही, निर्माता नाही. चौघांनी वर्गणी काढली आणि केला. जाहिरात नको म्हणून नाव आणि दुवा देत नाही, पण हे काम कसं चालतं ते लिहितो. कुणी कुठलंही लोकसंगीत मुद्रित करायच्या विचारात असेल तर उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. अशा अल्बमात माइकपेक्षा जास्त मेहनत ट्यून कुणाची आणि आपल्यापर्यंत कुणाकडून आली हे शोधायला लागते, आणि ती मुद्रणाच्या आधी करावी लागते. आवाज जरा इकडेतिकडे झाला तर इथले लोक चालवून घेतात. ट्यूनपुढे चुकीचं नाव छापलंत तर जन्मभर ऐकून घ्यावं लागतं.

ज्यांना हे संगीत नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. बहुतेक ट्यून्स नाचाच्या. रील चारच्या ठेक्यात, जिग सहाच्या, स्लिप जिग नऊच्या. कॉर्क आणि केरीच्या सीमेवर स्लीव्ह लूकरा म्हणून भाग आहे तिथे पोल्का आणि स्लाइड जास्त. ट्यूनचे साधारण दोन भाग, प्रत्येक भाग आठ बारचा, प्रत्येक दोनदा. म्हणजे बत्तीस बारचं एक आवर्तन. नेहमीच्या लयीत रीलचं एक आवर्तन ३५ सेकंदांत संपतं. ते तीनदा वाजवायचं आणि न थांबता दुसऱ्या ट्यूनवर उडी मारायची. याला सेट म्हणतात. दोन रील्सचा सेट साडेतीन मिनिटांचा, तीन घेतल्या तर पाचच्या वर. मजा त्या उडीत असते. सूर बदलतो, खुर्चीवरचे लोक एकदम सरसावून बसतात. अल्बममधला एक ट्रॅक म्हणजे असा एक सेट.

आमच्यात मी फिडलवर, एक जण लाकडी बासरीवर, एक बाई कॉन्सर्टिनावर (दोन्ही हातांत धरून वाजवायची छोटी पेटी) आणि एक इलिन पाइप्सवर. पाइप्स म्हणजे कोपराखालच्या भात्याने हवा भरायची ती. स्कॉटिश पाइपसारखी तोंडाने फुंकत नाहीत, बसून वाजवतात, आणि आवाजही घरात बसण्याजोगा. २०१७ साली युनेस्कोच्या यादीत गेली. काही ट्रॅकवर एका मित्राने बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य) वाजवली.

जागा. आधी सगळ्यांच्या डोक्यात दगडी चर्च होतं, कारण फोटो छान येतो. जाऊन टाळी वाजवून पाहिली आणि बेत सोडला. त्या घुमण्यात संथ गत सुंदर लागते, पण रीलचे सूर इतके जवळ-जवळ असतात की मागचा सूर विरायच्या आत पुढचे चार येऊन पडतात. शेवटी गावचा पॅरिश हॉल घेतला. लाकडी जमीन, बऱ्यापैकी उंच छत, पडदे. गैरसोय एकच, हीटर. चालू ठेवला तर घरघर माइकमध्ये येते. बंद ठेवला तर हॉल गार पडतो, बासरी उतरते आणि पाइप्सच्या रीड्स रुसतात. कॉन्सर्टिनाच्या रीड्स पोलादी, तिचा सूर ढिम्म हलत नाही. त्यामुळे सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. मग चहाच्या सुट्टीत हॉल तापवायचा, हीटर बंद करायचा, सूर लावायचे आणि गारठा परत यायच्या आत दोन-तीन टेक घ्यायचे, असा क्रम बसला. आसपासचे ट्रॅक्टर थांबावेत म्हणून काम संध्याकाळी.

माइक लावणी साधी. चौघे अर्धवर्तुळात, सेशनमध्ये (पबमध्ये जमून वाजवतो त्यात) बसतो तसे, एकमेकांचे हात दिसतील असे. समोर छोट्या कंडेन्सर माइकची जोडी, १७ सेंटिमीटर अंतर आणि ११० अंशांचा कोन, म्हणजे ध्वनिमुद्रक ज्याला ओआरटीएफ म्हणतात ती. मुख्य आवाज तोच. शिवाय प्रत्येकाजवळ एकेक आधाराचा माइक. कॉन्सर्टिनाला दोन्ही बाजूंनी आवाज फुटतो म्हणून तिला दोन. एकच लावला तर निम्मी ट्यून दूर कुठेतरी वाजतेय असं वाटतं. बासरीला तोंडासमोर लावू नये, नुसती फुंकर येते. जरा वरून, बोटांच्या दिशेने. फिडलला मी हट्टाने रिबन माइक लावला, कारण माझ्या गजाची किरकिर मलाच नको होती. पाइप्सचं अवघड. ट्यून वाजते ती नळी मांडीवर, सलग घुमणारे ड्रोन आडवे, आणि मनगटाने दाबायचे रेग्युलेटर्स वेगळेच. जवळ माइक नेला की यातलं एकच काहीतरी येतं, म्हणून चांगला हातभर लांब ठेवला.

हक्क, नोंदणी, छपाई, पैसे यांवर प्रतिसादांत लिहितो. दमलो.

---

पेटीमास्तर

वा! वाचतोय. सगळ्यांनी कॉन्सर्टिनाशी जुळवून घ्यायचं हे वाचून हसू आलं. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली त्यामागे हाच राग होता की ठरलेल्या सुरांची पेटी गाणाऱ्याला आपल्या मागे ओढते. तिकडे कुणाची तक्रार नाही का? आणि तालवाद्य काहीच नाही?

---

फिडलवाला

मास्तर, तक्रार आहे ना, पाइपवाल्यांची. त्यांच्यातले काही मुद्दाम खालच्या पट्टीतल्या, सी किंवा बी फ्लॅटच्या पाइप्स वाजवतात, आणि मग कॉन्सर्टिनावालीला घरी बसावं लागतं.

तालवाद्य आहे, बाउरॉन. बकऱ्याच्या कातड्याची डफासारखी चौकट. पूर्वी ते ठरावीक सणालाच दिसायचं. १९६०च्या दशकात संगीतकार शॉन ओ रीडा यांनी मैफलीच्या मंचावर आणलं. बुझुकी तर त्याच दशकात जॉनी मॉयनिहान यांनी ग्रीक संगीतातून उचलली आणि १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्लँक्स्टी या बँडने घरोघरी नेली. म्हणजे ज्याला लोक 'अस्सल जुना आयरिश आवाज' समजतात त्यातला निम्मा माझ्या वडिलांच्या पिढीचा आहे. मूळ परंपरा एकट्या वाद्याची, एकाच सुरावटीची. आम्ही बाउरॉन घेतला नाही. चांगला वाजवणारा मिळाला असता तर घेतला असता. वाईट वाजवणारे प्रत्येक पबमध्ये आहेत.

---

डेसिबल

मुंबईत हेच काम करतो, म्हणून राहवत नाही. चौघांना एका खोलीत बसवून मुद्रण म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये. एकाचा सूर चुकला तर अख्खा टेक बाद. कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टकटक, दिली असती, चौघांना वेगळं बसवलं असतं, तर निम्म्या वेळात झालं असतं आणि मिक्स करताना हात मोकळा राहिला असता. जुन्या पद्धतीचं कौतुक ठीक आहे, पण ती जुन्या लोकांची मजबुरी होती.

---

फिडलवाला

डेसिबल भाऊ, क्लिक करून पाहिली. ट्यून अचूक आली आणि मेली. या संगीतात लय घड्याळाची नसते. जिगमधले तीन सूर कागदावर सारखे, वाजवताना पहिला लांब, मधला चिमटीतला; आणि किती लांब हे क्लेअरमध्ये वेगळं, डोनेगॉलमध्ये वेगळं. त्या उचलण्याला इथे 'लिफ्ट' म्हणतात. शिवाय दुसऱ्या ट्यूनवर उडी मारताना सगळे किंचित पुढे सरकतात. क्लिकवर ते होत नाही.

वेगळं बसवण्याबद्दल: इथे चौघे एकच सुरावट वाजवतात, प्रत्येकाची फिरत आणि हरकती वेगळ्या. मी कुठे रोल (ही एक हरकत) घ्यायचा हे बासरीवाला श्वास कुठे घेतो त्यावर ठरतं, आणि ते मला दिसावं लागतं. सगळे एकच ट्यून वाजवत असल्याने एकमेकांच्या माइकमध्ये गेलेला आवाज बँडसारखा खटकतही नाही, उलट चिकटवणीचं काम करतो.

टेक बाद होण्याचा मुद्दा मात्र खरा. त्यावर उपाय ट्यूनच्याच रचनेत आहे. तोच आठ बारचा भाग अनेकदा येतो. खुर्च्या आणि माइक हलवले नसतील आणि दोन टेकची लय जवळपास असेल तर भागाच्या सुरुवातीला कापून जोडता येतं. भागाच्या मध्ये कापायला गेलं की कळतं.

---

डेसिबल

हे पटलं, अर्धं. बुझुकीला तरी आडोसा द्यायचा होता. तिचा माइक तारांपासून जितका लांब, त्याच्या किमान तिप्पट शेजारच्या माइकपासून लांब ठेवा, हा आमचा जुना ठोकताळा. मुद्रण कशावर केलं? आणि शेवटी आवाजातला चढउतार दाबला किती?

---

फिडलवाला

बुझुकीला आडोसा दिला होता, जिमच्या गाद्यांचा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आवाजाची शिखरं वजा १२ डेसिबलच्या आसपास ठेवून. सीडीसाठी शेवटी १६ बिट, ४४.१वर उतरवलं. मास्टरिंग करणाऱ्याला (आवाजावर शेवटचा हात फिरवतो तो) एवढंच सांगितलं की दाबू नकोस. तसंही स्पॉटिफाय सगळ्यांना वजा १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास आणून बसवतं, मग आरडाओरडा करून मिळवायचं काय?

एका गोष्टीवर मात्र आमच्यात जुंपली. पाय. मी आणि कॉन्सर्टिनावाली पायाने ठेका धरतो, लाकडी जमिनीवर तो दणदणीत येतो. बासरीवाल्याचं म्हणणं बूट काढा. मी म्हणालो, जुन्या कितीतरी मुद्रणांत पाय ऐकू येतो आणि आपण त्यावरच वाढलो. तो म्हणाला, 'आपण' म्हणजे कोण? तू तर सांगलीत वाढलास. शेवटी पायाखाली गालिच्याचा तुकडा टाकला. रील्समध्ये अजून थोडा येतो. मला हवाच होता.

---

सुगरणीचा_खोपा

सांगलीचा फिडलवाला, हे भारी! मला तांत्रिक काही कळत नाही, पण लोकसंगीतावर हक्क कुणाचा हे समजून घ्यायचंय. आमच्याकडे ओव्या मुद्रित करायच्या आहेत. जुनं म्हणजे सगळ्यांचं, असं धरून चाललं तर अडचण काय?

---

फिडलवाला

ताई, इथेच खरी गोम आहे.

जुन्या, अनामिक ट्यूनवर कुणाचाच हक्क नाही. तुम्ही तिची जी मांडणी करता तीवर तुमचा हक्क. म्हणून कव्हरवर 'पारंपरिक, संयोजन अमुक' असं छापतात आणि आयम्रो या इथल्या रचनाकारांच्या हक्कसंस्थेत तशी नोंद करतात. रेडिओवर वाजलं की थोडे पैसे येतात.

गोंधळ यात आहे की सेशनमध्ये जुनी वाटणारी प्रत्येक ट्यून जुनी नसते. एड रीव्ही मूळचे कॅव्हनचे, फिलाडेल्फियात प्लंबिंगचा धंदा करत आणि रील्स रचत. त्या इतक्या मुरल्या की निम्म्या वाजवणाऱ्यांना त्या शे-दोनशे वर्षांच्या वाटतात. ते गेले १९८८ मध्ये. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०५८ अखेरपर्यंत. टिपररीचे अकॉर्डियनवादक पॅडी ओब्रायन १९९१ मध्ये गेले, आमच्या क्लेअरचे फिडलवादक ज्युनियर क्रीहन १९९८ मध्ये. शिकागोच्या लिझ कॅरल तर हयात आहेत आणि अजून रचतात. यांच्या ट्यून्स तुम्ही 'पारंपरिक' म्हणून छापल्या तर कायदा राहू द्या, फ्लाच्या, म्हणजे इथल्या संगीत महोत्सवाच्या, रांगेत त्यांची पुतणी भेटते.

सगळ्यात गमतीचं प्रकरण पूर्व गॉलवेच्या पॅडी फाही यांचं. २०१९ मध्ये गेले. त्यांनी आपल्या ट्यून्सना नावंच दिली नाहीत. त्यामुळे सगळ्या 'पॅडी फाहीची रील', 'पॅडी फाहीची जिग'. कुणी क्रमांक देतं, पण दोन अल्बमांतले क्रमांक जुळतीलच असं नाही. आम्ही त्यांची एक जिग घेतली आणि नेमकी कोणती हे नोंदवताना नावाऐवजी पहिल्या दोन बारचे सूर लिहून द्यावे लागले.

शोधायचं कसं? फ्रान्सिस ओनील म्हणून शिकागोचे पोलिसप्रमुख होते, जन्म कॉर्कचा. त्यांनी १९०३ मध्ये १,८५० ट्यून्सचा संग्रह छापला, १९०७ मध्ये नाचाच्या १,००१ ट्यून्सचा. त्यात सापडली तर बहुतेक सुटलात. मग ब्रेन्डॉन ब्रानख यांचे १९६३ पासूनचे संग्रह. त्यांत प्रत्येक ट्यून कोणत्या वादकाकडून घेतली ते लिहिलंय. त्यानंतर डब्लिनच्या मेरिअन स्क्वेअरमधलं पारंपरिक संगीताचं संग्रहालय, १९८७ मध्ये सुरू झालेलं. आणि या सगळ्याच्या आधी, ज्याच्याकडून तुम्ही शिकलात त्याला फोन. कित्येकदा उत्तर तिथेच मिळतं: "ती? ती तर अमक्याने लग्नात वाजवायला केलेली."

हक्क असलेली ट्यून वाजवायला बंदी नाही. परवाना काढायचा आणि ठरलेला वाटा द्यायचा. ब्रिटनमध्ये सीडीसाठी हा वाटा दुकानदाराला लावायच्या किमतीच्या साडेआठ टक्के, आणि अल्बमचा जेवढा भाग हक्काखाली येतो तेवढ्याच भागावर. सगळं पारंपरिक असलं तरी सीडी छापणारा कारखाना तसं लिहून मागतो, कारण पुढे काही निघालं तर तोही अडकतो.

तुमच्या ओव्यांचं मला सांगता येणार नाही, पण गाणाऱ्या बाईंचं नाव-गाव टेप चालू करायच्या आधी लिहून घ्या.

---

नाना_वाकडे

'पारंपरिक, संयोजन अमुक' हे मला कधी पचलं नाही. ट्यून गावाने केली, तुम्ही तिला तीन वेळा वाजवलीत, आणि हक्काचे पैसे तुम्हाला? हे संयोजन कसलं, ही तर कुंपण घालायची पद्धत झाली.

---

फिडलवाला

नाना, हा वाद इथेही जुना आहे आणि जुने लोक तुमच्याच बाजूचे निघतील. माझं म्हणणं, हक्क माझ्या मांडणीवर आहे, ट्यूनवर नाही. उद्या दुसऱ्या कुणी तीच रील वाजवली तर मला छदामही मिळत नाही आणि मिळू नये. न नोंदवून मी गावाला काही देत नाही. ते पैसे दुसऱ्याच कुणाच्या तरी हिश्शात जातात. पण पुस्तिकेत माझ्या नावाच्या आधी ट्यून कुणाकडून आली ते छापतो. आमची पुस्तिका सोळा पानी झाली ती त्यामुळे. फोटो एकच आहे.

---

नाना_वाकडे

पटलं नाही, पण पुस्तिका वाचायला आवडेल.

---

लिफी_काठी

मी डब्लिनला असते, नवरा पाइप शिकतोय. इथे नव्याने अल्बम काढणाऱ्यांसाठी भर घालते, कारण अनेकांचे पैसे यात राहून जातात.

आयम्रो फक्त रचनाकाराचे आणि संयोजकाचे पैसे देते. मुद्रणाचा हक्क ही वेगळी गोष्ट. त्याचे निर्मात्याचे पैसे पीपीआयकडून येतात आणि वादकांचे रॅप या संस्थेकडून. स्वतः अल्बम काढला की निर्मातेही तुम्हीच, वादकही तुम्हीच. म्हणजे तिन्ही दारी जायचं. प्रत्येक ट्रॅकचा बारा अक्षरांचा आयएसआरसी क्रमांक असतो, तोही पीपीआय देते. हे क्रमांक मास्टरिंगच्या आधी हातात हवेत, म्हणजे सीडीच्या फाइलमध्येच घालता येतात.

आर्ट्स कौन्सिलकडे पारंपरिक कलांसाठी वेगळी अनुदानं आहेत. पण अर्ज कामाआधी करायचा. झालेल्या खर्चाला नंतर कुणी विचारत नाही. आणि दोन प्रती मेरिअन स्क्वेअरच्या संग्रहालयाला नक्की द्या. ते ठेवतात, नोंदवतात, आणि पन्नास वर्षांनी कुणाला तुमची ट्यून शोधायची झाली तर तिथे मिळेल.

---

अबोली_१९

सीडी कोण घेतं हो आता? आमच्या लॅपटॉपला खाचच नाही. सरळ स्पॉटिफायवर टाकून मोकळं व्हायचं ना.

---

फिडलवाला

अबोली, हिशेब बघ. ५०० सीडी, पुठ्ठ्याच्या घडीच्या कव्हरात पुस्तिकेसह, आम्हाला हजार-बाराशे युरोंच्या आसपास पडल्या. तीनशेच्या खाली गेलं तर बहुतेक जण कोऱ्या सीडीवर लिहून देतात. त्यापेक्षा साचा काढून दाबलेली सीडी जास्त टिकाऊ. कार्यक्रमात एक सीडी १५ युरोंना जाते. म्हणजे ऐंशी विकल्या की छपाई सुटली.

स्पॉटिफाय एका ऐकण्यामागे ठरलेले पैसे देत नाही. महिन्याची जमा एकत्र करून वाट्याने वाटतं. ढोबळ मानाने सेंटचा तिसरा हिस्सा पडतो. एका सीडीची किंमत यायला ट्रॅक चार-पाच हजार वेळा वाजला पाहिजे. त्यात २०२४ पासून नियम, वर्षभरात हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला काहीच नाही. आमचे बहुतेक ट्रॅक त्याच गटातले. तरी टाकला, कारण शोधणारा तिथेच शोधतो. बँडकॅम्पवर मात्र डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते कापतात, पैसे वळते करायचं शुल्क वेगळं, बाकी तुमचे, आणि कुणी घेतलं त्याला आभाराचं पत्रही धाडता येतं.

आणि घेणारा कोण, ते बघ. जुलैत मिलटाउन मॅल्बेला विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा भरते, १९७३ पासून. आठवडाभर गावात चालायला जागा नसते. तिथे सीडी घेणारा माणूस गाडीत ऐकतो आणि पुस्तिका हातात घेऊन ट्यून कुणाची ते बघतो. स्पॉटिफायवर पुस्तिका कुठे आहे? तीन ट्यून्सच्या सेटचं नाव तिरक्या रेघा मारून एका ओळीत कोंबायचं, आणि तीन रचनाकार तीन वेगवेगळ्या ट्यून्सचे आहेत हे सांगायची सोयच नाही. वितरकाच्या फॉर्मने आमच्या एका ट्रॅकवर तिघांना मिळून एका ट्यूनचे बाप केलं. दुरुस्त करायला मुद्रणापेक्षा जास्त पत्रं लिहावी लागली.

पोस्टाचं एक: बेलफास्टला पाकीट जसंच्या तसं जातं, लिव्हरपूलला ब्रेक्झिटनंतर सीमाशुल्काचा फॉर्म लागतो. आमचे निम्मे गिऱ्हाईक इंग्लंडातल्या आयरिश वस्त्यांत, त्यामुळे फॉर्म भरायचं काम बासरीवाल्याच्या मुलाला लावलंय.

---

पेटीमास्तर

सेटवरून आठवलं. आपल्याकडे गौहर जान यांनी १९०२ मध्ये पहिल्या तबकड्या केल्या तेव्हा तीन मिनिटांत राग बसवावा लागला, आणि त्या तीन मिनिटांनी पुढच्या पिढीच्या ऐकण्याला वळण लावलं. तिकडेही तसं?

---

फिडलवाला

अगदी तसंच, मास्तर. स्लायगोचे मायकल कोलमन न्यूयॉर्कला गेले आणि १९२०-३०च्या दशकांत तिथे ७८ फेऱ्यांच्या तबकड्या केल्या. एका बाजूला तीनेक मिनिटं. त्यात दोन-तीन ट्यून्स बसतील असं त्यांनी केलं. त्या तबकड्या बोटीने आयर्लंडला परत आल्या, आणि गावोगावच्या वादकांनी आपली शैली सोडून स्लायगोची उचलली. १९३४ मध्ये त्यांनी तीन रील्स एका सेटमध्ये वाजवल्या: द टार्बोल्टन, द लाँगफर्ड कलेक्टर, द सेलर्स बॉनेट. आज कुठल्याही सेशनमध्ये पहिली सुरू केली की पुढच्या दोन त्याच क्रमाने येतात. कुणी विचारत नाही. आम्ही तिसरीच्या जागी दुसरी काही टाकून पाहिली तर अख्खा पब सवयीने सेलर्स बॉनेटमध्ये घुसला आणि आम्ही आमच्या ट्यूनसह बाजूला.

म्हणून सेट लावताना जरा भीती वाटते. पाचशे प्रतींनी काही कोलमन होत नाही कुणी, पण आमच्या गावातली शिकणारी पोरं आमचीच सीडी लावून बसणार. आमच्या शिक्षकांकडचे दोन सेट आम्ही जोडी न मोडता तसेच ठेवले. लागोपाठ दोन रील्सचे सेट येऊ दिले नाहीत, मध्ये एक संथ गत, एकट्या पाइपची. ती एका टेकमध्ये झाली. तिला कुणी हात लावला नाही.

---

डेसिबल

एकट्या पाइपला कुठला माइक?

---

फिडलवाला

फक्त समोरची जोडी. बाकीचे बंद. हॉलनेच काम केलं.

---

सुगरणीचा_खोपा

शेवटचा प्रश्न. हयात रचनाकाराची ट्यून घेतलीत का? त्यांना विचारलं कसं? आम्हाला कुणाच्या घरी जाऊन विचारायचं म्हणजे धीर होत नाही.

---

फिडलवाला

घेतली, एक. परवाना संस्थेकडून मिळतोच, पण फोन केला. बाई म्हणाल्या, वाजवा की, पण कशी वाजवता ते ऐकवा आधी. फोनवर वाजवून दाखवली. त्या म्हणाल्या, दुसऱ्या भागात तुम्ही सगळे जो सूर घेता तो मी घातलेलाच नाही. कुणीतरी कुठल्या तरी महोत्सवात तसा वाजवला आणि पसरला. मग त्यांनी स्वतः वाजवून पाठवली. खरंच वेगळी. त्यांच्या सुराने दुसरा भाग जरा उदास होतो, ट्यूनचा चेहराच बदलतो. आम्ही त्यांच्यासारखी मुद्रित केली आणि पुस्तिकेत तसं लिहिलं.

आता सेशनमध्ये लोक आम्हाला थांबवून सांगतात की तुम्ही दुसरा भाग चुकीचा वाजवता.

---

नाना_वाकडे

हा हा! पुस्तिका फेकून मारा.

---

लिफी_काठी

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणतो, तोही चुकीचाच सूर वाजवतो आणि तोच वाजवणार.

---

अबोली_१९

भारतात पाठवता का सीडी? लॅपटॉपला खाच नाही, पण बाबांच्या गाडीत आहे. व्यनि केलाय.